४० मीटरच्या इनव्हर्टेड व्हीला ४:१ बॅलन लावू का?

नुकताच कॉलसाइन (हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅमच्या, परवान्यावरचं सांकेतिक नाव) मिळालेल्या एका मित्राचा प्रश्न आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत तीन मजली घर, गच्चीच्या मधोमध आठ मीटरचा जीआय पाइप, त्यावर ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडची इनव्हर्टेड व्ही, म्हणजे मधे उंच आणि तारेचे दोन्ही पाय खाली झुकवलेला डायपोल अँटेना. एकेक पाय १०.४ मीटरचा, दोन्ही टोकं कोपऱ्यातल्या खांबांना अडीच मीटरवर बांधलेली. खाली रिगपर्यंत (रेडिओ संचापर्यंत) वीस मीटर आरजी-५८ ही कोअॅक्स केबल, मधे तार आणि भोवती जाळी. ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचा आकडा, १ म्हणजे अचूक) २.५ येतो, आणि सगळ्यात कमी म्हणजे १.४ येतो तो ६.८५ ला. बोलताना मायक्रोफोनला ओठ लागला की चटका बसतो, कॉम्प्युटरचे स्पीकर गुरगुरतात, आणि कोअॅक्स हातात धरली की एसडब्ल्यूआरचा काटा हलतो. ४:१ बॅलन, म्हणजे कोअॅक्स आणि दोन पायांचा अँटेना यांच्यामधला जोड-ट्रान्सफॉर्मर, लावला की सगळं सुटेल असं त्यांना कुणी सांगितलंय. लावावा का?

लावू नका. आधी साधी आकडेमोड करू. सरळ ताणलेल्या अर्ध्या तरंगाच्या डायपोलचा इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) रेझोनन्सला, म्हणजे तार सुरात येते त्या फ्रिक्वेन्सीला, मोकळ्या अवकाशात ७२-७३ ओहम असतो. पाय खाली झुकवले की तो उतरतो. तुमच्या मापांवरून दोन पायांतला कोन सुमारे ११६ अंश निघतो, आणि या कोनाला इम्पिडन्स पन्नासच्या जवळपास येतो. स्लॅबमधल्या सळ्या, पाण्याची टाकी, शेजारची इमारत यांच्यामुळे तो दहा-वीस ओहम इकडेतिकडे होईल, पण दोनशे होणार नाही. ४:१ बॅलन २०० ओहमचे ५० करतो. त्याच्या तोंडाशी ५० ओहमचा अँटेना जोडला, तर कोअॅक्सला साडेबारा ओहम दिसतील. पन्नास भागिले साडेबारा, म्हणजे एसडब्ल्यूआर ४. आज आहे त्यापेक्षाही वाईट.

तुमच्याकडे दुखणी दोन आहेत. ती एकाच वेळी दिसतात म्हणून एकच वाटतात. पहिलं म्हणजे तार लांब झाली आहे, रेझोनन्स बँडच्या खाली गेलाय. दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, म्हणजे कोअॅक्सच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून करंट खाली येतोय. पहिल्याला कात्री लागते, दुसऱ्याला १:१ करंट बॅलन. यालाच चोक म्हणतात.

आता हा करंट बाहेरून येतो कसा? एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झला) करंट धातूच्या खोलात शिरत नाही, पृष्ठभागावरूनच वाहतो. त्यामुळे कोअॅक्समध्ये दिसायला दोन वाहक असले तरी वाटा तीन असतात: मधली तार, जाळीचा आतला पृष्ठभाग आणि जाळीचा बाहेरचा पृष्ठभाग. मधल्या तारेवर जेवढा करंट, तेवढाच उलट दिशेने जाळीच्या आतून. ही जोडी एकमेकांना बांधलेली असते आणि बाहेर काही सांडू देत नाही. वर अँटेनाच्या मधोमध मात्र दोर सुटतो. मधली तार एका पायाला जाते. जाळीच्या आतून आलेल्या करंटपुढे दोन वाटा असतात, एक दुसऱ्या पायाची आणि एक जाळीच्या बाहेरून परत खाली घराकडे येणारी. उसाला पाणी पाजताना पाटाचा बांध एका जागी खचला की पाणी सरीत जायचं सोडून निम्मं शेजारच्या वाटेने निघून जातं, तसंच हे. तुम्ही तीन पायांचा अँटेना उभारलाय आणि तिसरा पाय तुमच्या टेबलापर्यंत आलाय. ओठाला बसतो तो चटका त्याचाच.

या तिसऱ्या वाटेवर किती करंट जाईल ते त्या वाटेच्या लांबीवर ठरतं. वरपासून घराच्या अर्थिंगपर्यंतचा बाहेरचा मार्ग अर्ध्या तरंगाच्या, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २१ मीटरच्या जवळ आला, तर वरून बघताना तो फार कमी इम्पिडन्स दाखवतो आणि करंट खुशाल तिकडे जातो. पाव किंवा पाऊण तरंगाच्या जवळ असला तर तोच मार्ग जवळजवळ बंद असल्यासारखा वागतो. म्हणून एखादा हॅम मनापासून सांगतो, ‘मी बॅलन कधीच लावला नाही, माझं सगळं झकास चाललंय.’ तो खोटं बोलत नसतो. त्याच्या घरी कोअॅक्स आणि अर्थिंगची लांबी त्याच्या बाजूने पडलेली असते, एवढंच. रिग दुसऱ्या खोलीत हलवली की त्यालाही हाच त्रास सुरू होऊ शकतो.

हे तुमच्याकडे खरंच घडतंय का, ते पैसे न घालवता तपासता येतं. दोन मीटरचा कोअॅक्सचा एक तुकडा घ्या, दोन्ही टोकांना कनेक्टर लावा आणि सध्याच्या केबलमध्ये वाढवून एसडब्ल्यूआर पुन्हा मोजा. पन्नास ओहमची केबल चांगली असेल तर लांबी बदलल्याने एसडब्ल्यूआर जवळजवळ बदलायला नको. केबलच्या लॉसमुळे अगदी किंचित उतरेल, तेवढाच. २.५ चा एकदम १.९ किंवा ३ झाला, तर जाळीचा बाहेरचा भाग अँटेनाचाच हिस्सा झालाय हे नक्की. हातात धरल्यावर काटा हलतो हाही पुरावाच आहे, पण दोन मीटरचा तुकडा जास्त भरवशाचा.

यावरून कामाचा क्रमही ठरतो. आधी चोक, मग तार कापणं. ६.८५ हा आकडा तीन पायांच्या अँटेनाचा आहे, दोन पायांच्या नाही. आज त्याच्यावर विसंबून तार कापली आणि उद्या चोक लावला, तर रेझोनन्स सरकेल आणि कापलेली तार परत जोडत बसावं लागेल.

चोकसाठी मला सगळ्यात बरा वाटतो तो फेराइट रिंगवर गुंडाळलेला कोअॅक्स. रिंग एफटी-२४० मापाची, म्हणजे बाहेरून ६१ मिलिमीटर, भोक ३५ मिलिमीटरच्या आसपास. मिक्स, म्हणजे फेराइटचं मिश्रण, ३१ किंवा ४३. ४० आणि ८० मीटर हेच मुख्य बँड असतील तर ३१ घ्या, ४० पासून वर १० मीटरपर्यंत जायचं असेल तर ४३. आरजी-५८ चा सव्वा मीटर तुकडा घेऊन बारा वेढे द्या. रिंगच्या भोकातून एकदा गेलं की एक वेढा, असं मोजायचं. बाहेरून मोजलं की एक वेढा चुकतो. सहा वेढे झाल्यावर केबल रिंगच्या मधून पलीकडे न्या आणि उरलेले सहा समोरच्या अंगाला घाला. त्याने चोकिंग फारसं वाढत नाही, पण आत येणारं आणि बाहेर जाणारं टोक समोरासमोर येतं आणि डब्यात बसवणं सोपं जातं. वेढे आवळून करकचू नका. आरजी-५८ चा आतला पॉलिथिन भरीव असतो म्हणून तो एवढा वाक सोसतो. फोमवाली केबल या कामाला घेऊ नका, वाकवलेल्या जागी मधली तार हळूहळू सरकत जाळीला टेकते. टेफ्लॉनची आरजी-३१६ मिळाली तर १०० वॉटला ती छान चालते आणि कमी जागेत बसते.

असा चोक ७ मेगाहर्ट्झला बाहेरच्या करंटसमोर काही हजार ओहम उभे करतो. आतल्या जोडीला मात्र तो आहे हे कळतही नाही, कारण तिचे दोन विरुद्ध करंट रिंगमध्ये एकमेकांचा चुंबकीय परिणाम पुसून टाकतात. चोक एसडब्ल्यूआर ‘जुळवत’ नाही याचं कारण हेच आहे. पन्नासचे पन्नासच राहतात.

नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं यंत्र) कुणाकडून मागून आणता आला तर तयार झालेला चोक वर चढवण्यापूर्वी टेबलावर तपासा. चोकच्या प्रत्येक टोकाला मधली तार आणि जाळी एकत्र पिळा. एक टोक पहिल्या पोर्टच्या पिनला, दुसरं दुसऱ्या पोर्टच्या पिनला, जोडण्या शक्य तितक्या आखूड. मग एस-२१, म्हणजे पहिल्या पोर्टमधून दुसऱ्यात किती सिग्नल पोचतो ते, बघा. २० डेसिबल उतार म्हणजे सुमारे ९०० ओहम, ३० म्हणजे ३,००० च्या थोडं वर, ४० म्हणजे जवळपास १०,०००. तुमच्या बँडवर ३० च्या आसपास आकडा आला तर निर्धास्त वर चढवा. वीसच्या खाली असेल तर रिंग चुकीची आहे.

रिंगच्या बाबतीत एवढं आग्रहाने सांगतो, कारण इथेच फसगत होते. भंगारातल्या कॉम्प्युटर पॉवर सप्लायमध्ये पिवळी-पांढरी रिंग मिळते, फुकट मिळते, दिसतेही नामी. ती लोखंडाच्या भुकटीची, २६ मिक्सची असते आणि आरएफच्या कामाची नाही. लाल रंगाची २ मिक्सची रिंगही लोखंडाच्या भुकटीचीच. तिची पर्मिएबिलिटी (चुंबकीय पारगम्यता) दहा, तर ४३ मिक्सची ८००, आणि ३१ ची १,५००. लाल रिंग ट्यून्ड कॉइलला उत्तम, चोकला निरुपयोगी. बिननावाची काळी रिंग असेल तर वरची एस-२१ ची तपासणी करा, रंगावर जाऊ नका.

फेराइट अजिबात मिळत नसेल तर पीव्हीसी पाइपवर कोअॅक्सचे वेढे देऊन हवेतला चोक करता येतो. एका बँडला तो चालून जातो. पण त्याचा विरोध बहुतेक करून इंडक्टिव्ह असतो, आणि बाहेरची वाट नेमकी कपॅसिटिव्ह वागत असेल तर दोघं मिळून एकमेकांना खोडतात आणि करंट उलट वाढतो. ३१ आणि ४३ चा फायदा हा की एचएफला त्यांचा विरोध बऱ्याच अंशी रेझिस्टिव्ह असतो, त्यामुळे असं खोडलं जाण्याची भीती फार कमी.

बाकीचं सामान आपल्या गावात शोधायला लांब जावं लागत नाही. उद्यमनगरात फेरी मारलीत तर स्टेनलेसचे आयबोल्ट, नट, वॉशर आणि हायलमची (थर दाबून केलेल्या इन्सुलेटिंग पत्र्याची) पट्टी एका दुपारी हाताशी येते. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्यांकडून वार्निश आणि स्लीव्ह घ्या. हायलमला मधला इन्सुलेटर म्हणून कापलंत की कापलेल्या कडांना आणि भोकांना वार्निशचे दोन हात द्या, नाहीतर कडेने ओल शिरते. चोक वायरिंगच्या पीव्हीसी डब्यात ठेवा, सॉकेट खालच्या बाजूला, आणि तळाला एक बारीक भोक पाडा. डबा पूर्ण हवाबंद होत नाही. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात आत वाफ जमतेच, तिला बाहेर पडायला वाट हवी. कनेक्टरवर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून, त्यावर साधी पीव्हीसी टेप. जाळीत एकदा पाणी शिरलं की ते वातीत तेल चढावं तसं मीटरभर आत जातं, आणि मग केबल बदलण्यावाचून इलाज नाही.

चोक अँटेनाच्या मधोमध, जिथे पाय जोडले आहेत तिथेच बसवा. कोअॅक्स पाइपच्या अंगाने सरळ खाली आणा. तिला एखाद्या पायाच्या खालून, समांतर नेऊ नका, नाहीतर चोकच्या खालच्या भागात अँटेना पुन्हा करंट भरवेल.

आता तार. १४२.६ ला मेगाहर्ट्झने भागलं की डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ ला ती २०.१ मीटर होते, तुमची २०.८ आहे. हे सूत्र उघड्या तारेचं. वायरिंगची प्लास्टिक वेष्टनाची तार वापरली असेल तर आणखी दोन-तीन टक्के आखूड लागेल. चोक लावल्यावर नवा रेझोनन्स मोजा आणि साधं त्रैराशिक करा: आत्ताची लांबी गुणिले आत्ताची फ्रिक्वेन्सी भागिले हवी ती फ्रिक्वेन्सी. आकडा ६.८५ च राहिला असं धरलं तर २०.०७ मीटर येतं, म्हणजे प्रत्येक पायाला ३६ सेंटिमीटर जास्त. ते लगेच कापू नका. टोकाकडून तेवढी तार मागे दुमडून त्याच तारेभोवती घट्ट पिळा. आरएफच्या दृष्टीने ती आखूड झाली, आणि पुन्हा लांब करायची सोय राहिली. दोन्ही पायांना सारखंच दुमडा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एकेकदा मोजून पाहिलं की मग कात्री चालवा.

७.१ ला एसडब्ल्यूआर १.५ आला तरी तिथे थांबा. १.५ ला चार टक्के शक्ती परत फिरते, आणि समोरच्या स्टेशनला तो फरक ऐकूही येत नाही. आजच्या २.५ लाही सुमारे अठरा टक्केच परत येते. खरा तोटा हा की रिग आपलं संरक्षण म्हणून पॉवर उतरवते. १.१ च्या मागे लागून आठवडे घालवणारे लोक बघून मला वाईट वाटतं. तेवढा वेळ चोकवर घालवला तर बँडवर ऐकायला जास्त येईल.

ऐकण्याचा मुद्दा खरंच मोठा आहे. जाळीच्या बाहेरची वाट दुतर्फा असते. तुमचा करंट घरात येतो, तसा घरातला गोंगाट वर अँटेनाच्या तोंडाशी पोचतो आणि तिथून कोअॅक्सच्या आत शिरतो. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सोलरचे ऑप्टिमायझर, हे सगळं त्यात आलं. चोक लावल्यावर एस-मीटरवरचा पायाभूत गोंगाट खाली येताना दिसला तर नवल मानू नका. ट्रान्समिटच्या तक्रारीसाठी चोक लावला आणि खरा आनंद रिसीव्हला मिळाला, असं पुष्कळदा होतं. आणि आठ मीटर उंची कमी आहे म्हणून मन छोटं करू नका. या उंचीवरून ४० मीटरचा सिग्नल बराचसा वर जातो आणि आयनोस्फिअरवरून जवळच उतरतो. दिवसा पुणे, बेळगाव, गोवा, बेंगळुरू यांच्याशी बोलायला तेच हवं असतं.

मग ४:१ कुठे लागतो? जिथे अँटेनाचा इम्पिडन्स खरोखर दोनशे-तीनशेच्या घरात असतो तिथे. फोल्डेड डायपोल म्हणजे ७३ ची चौपट, सुमारे २९०. दूरदर्शनच्या जमान्यात प्रत्येक गच्चीवर जो अॅल्युमिनियमचा अँटेना होता त्यात हाच फोल्डेड डायपोल असायचा, आणि ३०० चे ७५ करणारा बोटाच्या पेराएवढा बॅलन कोअॅक्सच्या तोंडाशी बसायचा. तो तत्त्वाने बरोबर ४:१ च, पण ट्रान्समिटरला लावायचा नाही, त्याचा गाभा १०० वॉटला जळेल. एक तृतीयांशावर फीड केलेला ऑफ-सेंटर डायपोलही २०० ते ३०० ओहम देतो, तिथे ४:१ शोभतो. आणि गच्चीवर मधे खांब उभारायची परवानगीच नसलेल्या फ्लॅटवाल्यांचा एंड-फेड हाफ-वेव्ह (एका टोकाला फीड केलेली अर्ध्या तरंगाची तार) तर हजारोंत जातो. तिथे दोन वेढ्यांना चौदा वेढे असा ४९:१ ट्रान्सफॉर्मर लागतो, म्हणजे ५० चे २,४५०. १०० वॉटला त्या टोकाशी जवळजवळ ५०० व्होल्ट असतात, तेव्हा ते टोक मुलांच्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या वर राहील असं बघा. तुमच्या इनव्हर्टेड व्हीच्या टोकांनाही हेच लागू आहे.

पुढे कधी ४:१ घेतलात तर तो कुठल्या जातीचा आहे ते विचारा. स्विस इंजिनिअर गुस्ताव गुआनेला यांनी १९४४ मध्ये मांडलेली रचना दोन्ही पायांत करंट सारखा ठेवते. १९५९ मध्ये रुथरॉफ यांनी मांडलेली रचना व्होल्टेज सारखं ठेवते. रुथरॉफचा एका रिंगवर होतो आणि स्वस्त पडतो. पण गच्चीवर एक पाय टाकीजवळून आणि दुसरा मोकळ्यावरून जातो, तेव्हा व्होल्टेज सारखं असूनही करंट सारखा राहत नाही, आणि उरलेला फरक पुन्हा जाळीवरून खाली येतो. आपल्या गच्च्यांना गुआनेलाच हवा, आणि ४:१ साठी तो दोन वेगळ्या रिंगांवर.

चोक बसवल्यावर २० वॉटवर मिनिटभर कॅरियर द्या, ट्रान्समिट बंद करा, आणि मगच डबा उघडून रिंगला हात लावा. कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर पॉवर वाढवू नका, वेढे किंवा रिंग वाढवा. या मिक्सचा क्युरी बिंदू, म्हणजे ज्या तापमानाला फेराइटचे चुंबकीय गुण जातात तो, १३० अंशांच्या वर असतो खरा, पण तिथे पोचण्याच्या आधी केबलचं पॉलिथिन मऊ पडतं.

मग दोन मीटरच्या तुकड्याची तपासणी परत करा आणि आधीचे, नंतरचे दोन्ही आकडे मला कळवा. तुकडा लावल्यावर एसडब्ल्यूआर अजूनही हलत असेल तर असाच दुसरा चोक कोअॅक्स घरात शिरते तिथे लावू. आणि हे काम वळवाच्या दिवसांत करत असाल तर आभाळ भरून आल्यावर पाइपजवळ थांबू नका, कोअॅक्स रिगमधून काढून टाका आणि खाली या.